दोरी ढिली सोडा, साहेब

मागचा लेख मेरठच्या काली पलटण मंदिरावर आणि १८५७ च्या मे महिन्यावर होता. तो वाचून बऱ्याच माजी सैनिक मित्रांचे फोन आले. एक जुने सोबती म्हणाले, "मेरठला आहात तर आरव्हीसीच्या कुत्र्यांवर लिहा की!" रिमाउंट व्हेटर्नरी कोअर म्हणजे फौजेची घोडी, खेचरे आणि कुत्री सांभाळणारी कोअर. तिचे सेंटर इथे छावणीतच आहे आणि १९६० पासून फौजेची कुत्री इथे शिकून तयार होतात. लिहायचे मनात होतेच. पण लिहायला बसलो आणि आधी घरचेच कुत्रे आठवले. त्याच्यामुळेच मी या विषयात पडलो. तेव्हा आज त्याच्यापासून सुरुवात करतो.

त्याचे नाव खंड्या. जात कुठली विचारू नका. रंग गव्हाळ, एक कान उभा आणि दुसरा पडलेला. जानेवारीतल्या दाट धुक्यात क्वार्टरमागच्या लाकडाच्या ढिगाऱ्यात तो मुलीला सापडला. सौ. म्हणाल्या, "बदली झाली की ह्याचं काय करणार?" प्रश्न बरोबर होता, पण पिल्लू तोवर चुलीजवळच्या गोणपाटावर झोपले होते.

पाच महिन्यांचा असताना त्याला घेऊन मी बाजाराच्या कोपऱ्यावरून येत होतो. दोन मोठी मोकाट कुत्री अंगावर आली. मी दोरी घट्ट आवळून धरली. त्यामुळे खंड्याला ना पळता आले, ना धड लढता आले. कुणीतरी दगड मारून ती कुत्री हाकलली. मानेवर चार टाके पडले. जखम पंधरा दिवसांत भरली. पण त्यानंतर दुसरे कुत्रे दिसले रे दिसले, मग ते शंभर पावलांवर का असेना, की ह्याच्या पाठीवरचे केस उभे राहायचे, भुंकणे सुरू व्हायचे आणि हा मागच्या दोन पायांवर उभा राहून दोरीला हिसके द्यायचा. अशा कुत्र्याला इंग्रजीत रिअ‍ॅक्टिव्ह म्हणतात, आपल्याकडे लोक सरळ भडक डोक्याचा म्हणतात.

मॉल रोडवर सकाळी निम्मी छावणी फिरायला असते. साहेब लोकांचे लॅब्राडोर डौलात चाललेले असतात आणि त्यांच्यामध्ये मी, दोन्ही हातांनी दोरी ओढत, घामाघूम. बावीस वर्षांची नोकरी झालेली. रंगरूट सरळ केले, हे एक कुत्रे सरळ होईना! मला माहीत असलेला उपाय मी केला. दोरीला झटका आणि वरून दरडावणी. तो भुंकायचा, मी झटका द्यायचो. तो गुरगुरायचा, मी ओरडायचो. महिनाभरात गुरगुरणे थांबले आणि मला वाटले, जमले.

मग एका सकाळी समोरून एक कुत्रे आले. खंड्या आवाज न करता झेपावला. मी दोरीचे टोक त्याच्या पाठीवर मारले. त्याने वळून माझ्या मनगटाच्या वर दात रोवले.

नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटे हात धुतला, मग दवाखाना, मग इंजेक्शने. खंड्याला रेबीजची लस दिलेली होती, तरी डॉक्टरांनी काही सोडले नाही आणि ते योग्यच होते. संध्याकाळी घरी मी जाहीर केले, "उद्या ह्याला कुठेतरी लांब सोडून येतो." मुलगी जेवली नाही. सौ. भांडी आवरत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "सोडायचं तर सोडा. पण मागच्या दिवाळीत शेजारी सुतळी बॉम्ब फुटला तेव्हा तुम्ही मला धरून खाली पाडलं होतं. बांगडी फुटून हातात रुतली माझ्या. मी तुम्हाला कुठे सोडून आले का?"

यावर मी काही बोललो नाही. उत्तर काश्मीरमधल्या एका पोस्टवरच्या रात्रींबद्दल मी या लेखांत कधी लिहिलेले नाही, आजही लिहिणार नाही. पण त्या रात्री झोप लागली नाही आणि सकाळी मी खंड्याला सोडायला न जाता एका उस्तादांकडे गेलो.

उस्ताद काय म्हणाले

हे उस्ताद फौजेतून निवृत्त झालेले डॉग हँडलर. मूळचे पहाडातले, आता मेरठलाच राहतात. त्यांनी खंड्याला हात लावला नाही. दहा मिनिटे नुसते लांबून पाहत उभे राहिले. मग म्हणाले, "साहब, यह गुस्सा नहीं है, डर है. और डर आपकी रस्सी से उतर रहा है. रस्सी ढीली छोड़िए."

मला राग आला. मोकळे सोडले तर हा एखाद्याचा जीव घेईल! उस्ताद हसले. त्यांनी समजावले ते असे. दुसरे कुत्रे दिसले की तुम्ही आधी दोरी आवळता. आवळलेली दोरी कुत्र्याला सांगते की पुढे धोका आहे. वरून झटका बसतो, म्हणजे दुसरे कुत्रे दिसले की मान दुखते हेही तो शिकतो. त्याच्या डोक्यात दुखण्याचे कारण तुम्ही नसता, समोरचे कुत्रे असते. आणि गुरगुरण्याबद्दल मारलेत, म्हणजे त्याची इशारा द्यायची सवय तुम्हीच मोडलीत. मग तो इशारा न देता चावला, यात नवल काय?

मनगटावरची पट्टी बघत मी ऐकत राहिलो. माझ्यावर पाहणी अहवाल लिहिला असता तर त्यात हेच आले असते.

उस्तादांनी आणखी एक सांगितले. फौजेचे कुत्रे गोळीच्या आवाजाला घाबरत नाही ते काही जन्मापासून नव्हे. आधी आवाज खूप लांब असतो आणि कुत्रे खेळत किंवा खात असते. मग तो थोडा जवळ येतो. कुत्रे बिचकले की आवाज पुन्हा मागे जातो. ऑक्टोबर २०२२ मध्ये अनंतनाग जिल्ह्यात 'झूम' या आपल्या कुत्र्याला दोन गोळ्या लागल्या, तरी त्याने अतिरेक्यांना सोडले नाही आणि काही दिवसांनी श्रीनगरच्या पशुरुग्णालयात त्याने प्राण सोडला. ते सगळ्यांनी वाचले आहे. त्या धैर्यामागे अशी पावले मोजून केलेली मेहनत असते, हे मला तोवर माहीत नव्हते.

हे पावले मोजण्याचे शास्त्र आले कुठून? हिवाळाभर मी तेच वाचत होतो. जे हाती लागले ते सांगतो, कारण त्यात आपल्या फौजी मंडळींचाही संबंध आहे.

झटक्याचा इतिहास

माझा झटका मी शोधलेला नव्हता. त्यालाही वंशावळ आहे. जर्मनीत कॉनराड मोस्ट नावाच्या पोलीस अधिकाऱ्याने १९०६ मध्ये पोलिसांची कुत्री शिकवायला सुरुवात केली आणि १९१० मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. माणूस हुशार होता. कुत्र्याला माणसाची भाषा आणि नीती कळत नाही, त्याने काही केले की लगेच त्याला काय मिळते यावरून ते शिकते, हे त्याने ओळखले. बक्षीस आणि शिक्षा क्षणाचाही उशीर न करता मिळाली पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. पण त्याच्या पद्धतीत सक्तीला मोठी जागा होती. काटेरी पट्टा आणि छडी ही त्याची नेहमीची साधने. पहिल्या महायुद्धात त्याने जर्मन सैन्यासाठीही हेच काम केले. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करासाठी कुत्री शिकवणाऱ्या विल्यम कोहलर याने १९६२ मध्ये घरगुती कुत्र्यांसाठी पुस्तक लिहिले आणि दोरीचा झटका घराघरांत पोचला. बराकीतली शिस्त अशी अंगणात आली.

पहिल्या महायुद्धात समोरच्या बाजूलाही एक माणूस होता, लेफ्टनंट कर्नल एडविन रिचर्डसन. १९१७ मध्ये इंग्लंडमध्ये शूबरीनेस इथे ब्रिटिश वॉर डॉग स्कूल सुरू झाले, ते त्यांच्या हाताखाली. आघाडीवरून मागे निरोप आणणारी कुत्री तिथे तयार होत. त्यांतली पुष्कळ कुत्री लंडनच्या बॅटरसी इथल्या बेवारस कुत्र्यांच्या आश्रमातून आलेली होती. म्हणजे खंड्याचीच जातभाई! शूबरीनेस हे तोफखान्याच्या सरावाचे ठिकाण, त्यामुळे तोफांचे आवाज रोजच कानांवर पडत. रिचर्डसन यांचा नियम होता की निरोप्या कुत्र्याला चुकल्याबद्दल मारायचे नाही, त्याला परत आणून पुन्हा सुरुवात करायची. यात भूतदयेइतकाच हिशेबही होता. निरोप घेऊन निघालेल्या कुत्र्याच्या गळ्यात दोरी नसते आणि मागे छडी नसते. ते मालकाकडे आनंदाने धावले तरच निरोप पोचणार. दोरीच्या जोरावर शिकवलेले दोरीपुरतेच टिकते, हे त्यांना कामातूनच कळले होते.

१९२४ साल

पण भीती म्हणजे नेमके काय आणि ती घालवायची कशी, याचे उत्तर दोघांकडेही पूर्ण नव्हते. त्यासाठी १९२४ या एकाच सालात दोन लांबच्या शहरांत काय घडले ते पाहावे लागते.

पहिले शहर लेनिनग्राड. पावलोव्ह हे नाव शाळेत सगळ्यांनी ऐकलेले असते. कुत्रा, खाणे आणि तोंडाला सुटणारे पाणी. पण पावलोव्हच्या कुत्र्यांवर आलेला पूर फार थोड्यांना माहीत असतो. २३ सप्टेंबर १९२४ ला नेवा नदीचे पाणी शहरात शिरले. कुत्र्यांच्या खोल्यांत पाणी चढत गेले. पिंजऱ्यांच्या छताजवळ नाक वर धरून कुत्री कशीबशी पोहत होती. पिंजऱ्यांची दारे खाली होती, त्यामुळे मदतीला आलेल्यांना एकेका कुत्र्याला पाण्याखाली ओढून दारातून बाहेर काढावे लागले. कुत्री वाचली. पण पुढच्या दिवसांत असे दिसले की काहींचे महिनोन्महिने शिकवलेले सारे पुसले गेले आहे. सगळ्यांचे तसे झाले नव्हते. तोच पूर, तेच पिंजरे, पण काही कुत्री कोलमडली आणि काही टिकली. कोलमडलेल्यांना पुन्हा हळूहळू सावरले. मग एका सावरलेल्या कुत्र्याच्या खोलीत दाराखालून पाण्याची एक बारीक धार सोडून पाहिली. तेवढ्यानेच ते पुन्हा बिघडले.

हे वाचून मी पुस्तक मिटले आणि थोडा वेळ बाहेर व्हरांड्यात जाऊन बसलो. पूर ओसरला तरी पाण्याची एक धार पुरेशी होते. ज्यांना सुतळी बॉम्बचा अर्थ माहीत आहे त्यांना यापेक्षा जास्त सांगायला नको.

दुसरे शहर न्यूयॉर्क. तिथे मेरी कव्हर जोन्स ही तरुण संशोधक पीटर नावाच्या एका लहान मुलावर काम करत होती. वय तीन वर्षांच्या आत. तो सशाला घाबरायचा, पांढऱ्या उंदराला घाबरायचा, फरच्या कोटालाही घाबरायचा. जोन्सने केले ते असे. पीटरला खुर्चीत बसवून आवडते खाणे द्यायचे आणि पिंजऱ्यातला ससा खोलीच्या दुसऱ्या टोकाला आणायचा. इतका लांब की पीटरचे खाणे थांबणार नाही. मग दिवसेंदिवस थोडा जवळ. मध्ये काही अडथळे आले, एकदा तर एका मोठ्या कुत्र्याने पीटरला घाबरवले आणि बरेचसे काम मागे गेले. तरी शेवटी पीटर सशाला हात लावू लागला. जोन्सने एक इशाराही लिहून ठेवला. घाई केली, ससा फार लवकर जवळ आणला, तर उलटेच होईल. सशाची भीती जाण्याऐवजी मुलाला त्या खाण्याचीच भीती बसेल.

लष्करी डॉक्टर

ही दोन टोके जोडणारा माणूस एक लष्करी डॉक्टर निघाला. जोसेफ वोल्पे, जन्म १९१५, जोहान्सबर्गचा. दुसऱ्या महायुद्धात तो दक्षिण आफ्रिकेच्या सैन्यात डॉक्टर होता. युद्धातून मनाने खचून आलेले जवान त्याच्याकडे येत. त्या काळचा उपाय म्हणजे औषधाची गुंगी देऊन जवानाला घडलेले सगळे बोलायला लावणे. बोलून मोकळे झाले की बरे वाटेल, अशी समजूत. वोल्पेने ते करून पाहिले आणि त्याचे समाधान झाले नाही. जवान बोलत, रडत, पण बऱ्याच जणांची भीती तशीच राही.

युद्ध संपल्यावर तो विद्यापीठात परतला आणि १९४७-४८ च्या सुमारास त्याने मांजरांवर प्रयोग केले. पिंजऱ्यात विजेचा धक्का बसलेली मांजरे त्या पिंजऱ्यात अन्नाला तोंड लावत नसत, त्या खोलीतही नाही, भूक लागली तरी. प्रयोग क्रूर होता, ते लपवण्यात अर्थ नाही. पण मग वोल्पेने त्यांना बरे केले ते असे. त्या खोलीपेक्षा अगदी वेगळ्या खोलीत खाणे दिले. तिथे मांजर खाऊ लागल्यावर थोड्या साम्य असलेल्या खोलीत, मग आणखी साम्य असलेल्या खोलीत, मग मूळ खोलीत आणि शेवटी पिंजऱ्यात. पायरी पायरीने. १९५८ मध्ये त्याने यावर पुस्तक लिहिले आणि माणसांच्या भीतीवरची एक पक्की उपचारपद्धत उभी राहिली. मेरी जोन्सला त्याने या उपचारांची आई म्हटले.

आज जगभर भडकणाऱ्या कुत्र्याला फिरवायची जी पद्धत शिकवतात तिची मुळे इथे आहेत. लांबून दाखवा, खाऊ द्या, हळूहळू जवळ या. उस्तादांना वोल्पेचे नाव माहीत नव्हते, पण त्यांच्या हातात तीच पद्धत होती. आणि खचलेल्या जवानांना बरे करता येईना म्हणून एका डॉक्टरने जे शोधले, ते फिरून माझ्या दारातल्या कुत्र्याच्या कामी आले. पद्धत जवानांपासून सुरू झाली होती, हे मात्र मी तेव्हा सोयीस्करपणे विसरलो.

आपला रस्ता वेगळा

परदेशी पुस्तकांत एक अडचण असते. त्यांच्या रस्त्यावरचे प्रत्येक कुत्रे दोरीला बांधलेले असते. आपल्याकडे तसे नाही आणि त्यालाही इतिहास आहे. मुंबईत कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारण्यासाठी प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस ठेवले होते. बक्षिसाच्या लोभाने शिपाई पाळीव कुत्रीही पकडू लागले. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक मान आहे. ६ जून १८३२ ला फोर्टात दंगल उसळली, दुकाने बंद झाली आणि सैन्य बोलवावे लागले. कुत्र्यांवरून झालेली ही मुंबईची दंगल. मारून प्रश्न सुटला नाही. २००१ च्या नियमांनी नसबंदी आणि लस देऊन कुत्र्याला त्याच्या जागी परत सोडण्याची पद्धत आली, २०२३ मध्ये ते नियम नव्याने झाले. मुद्दा इतकाच की आपल्या रस्त्यावर कुत्रे आणि मालक यांच्यात एक तिसरा भिडू कायम असतो. त्याचा विचार न करता आखलेली योजना पहिल्याच वळणावर कोसळते.

आम्ही काय केले

योजना मी फौजी पद्धतीने केली. वही घातली. तारीख, वेळ, ठिकाण, अंतर पावलांत आणि निकाल. दुसऱ्या कुणाला गरज असेल म्हणून मुद्दे देतो.

पहिले, साहित्य. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीला बसणारा पट्टा, म्हणजे ओढ मानेवर येत नाही. दोरी सहा फुटांची, हाताला गुंडाळायची नाही. तोंडाला जाळीची टोपी, ती आधी घरात आठवडाभर खाऊ ठेवून सवयीची केली. आणि खिशात उकडलेल्या कलेजीचे बारीक तुकडे. बिस्किटांवर हा सौदा होत नाही.

दुसरे, पीछे मुड. "चल मागे" म्हटले की वळून माझ्याबरोबर यायचे, हे आधी अंगणात शिकवले, खेळीमेळीत, कुत्रे समोर नसताना. दारूगोळा संपल्यावर माघारीची वाट शोधायची नसते.

तिसरे आणि मुख्य, अंतर. परेड मैदानाच्या कडेला उभे राहायचे आणि पलीकडून बांधलेले कुत्रे जाताना बघायचे. सुरुवातीला साठ पावले. खंड्याने कुत्रे पाहिले की भुंकण्याआधी तुकडा तोंडात. कुत्रे दिसेनासे झाले की तुकडे बंद. आधी कुत्रे, मग कलेजी, हाच क्रम. काही दिवसांनी तो कुत्रे दिसले की माझ्याकडे वळून बघू लागला. "कुठाय माझा वाटा?" असा चेहरा. त्या दिवशी वहीत मी लाल शाईने रेघ मारली.

चौथे, मोजमाप. तोंड बंद झाले, कान पुढे आले, अंग ताठ झाले की अंतर कमी पडते आहे. आणि कलेजी नाकारली की अंतर संपले. वोल्पेच्या मांजरांनी हेच सांगितले होते आणि पीटरनेही. भ्यालेला जीव जेवत नाही. तेव्हा हट्ट न करता वीस पावले मागे.

पाचवे, आड. उभ्या गाड्या, झाडांचे बुंधे, भिंतीचे कोपरे. अचानक कुत्रे आले तर गाडीमागे जायचे. नजर तुटली की निम्मे काम होते.

सहावे, मोकाट कुत्री. वेळ बदलली. पहाटे पावणेपाचला निघायचो. कुठल्या कोपऱ्यावर कुठली टोळी बसते त्याचा नकाशा काढला. तरी एखादे आलेच तर पळायचे नाही. खंड्याला पाठीमागे घ्यायचे आणि मूठभर तुकडे समोरच्याच्या पायाशी फेकायचे. ते वास घेण्यात गुंतते, आपण तिरके निघून जायचे.

आणि सातवे, भुंकला तर शिक्षा नाही. भुंकला याचा अर्थ मी अंतर चुकलो. वहीत चूक माझ्या नावावर.

सरळ प्रगती झाली असे समजू नका. साठाचे पस्तीसवर आलो आणि एका संध्याकाळी भिंतीआडून एक कुत्रे थेट नाकासमोर आले. पुन्हा पन्नास. पीटरचेही तसेच झाले होते, हे माहीत नसते तर मी तिथेच सोडून दिले असते. आठ महिन्यांनी आम्ही पंधरा पावलांवर आलो. अजून तिथेच आहोत. तो कधी दुसऱ्या कुत्र्यांत खेळणार नाही. उस्ताद म्हणाले, "साहब, दोस्ती ज़रूरी नहीं. चैन से निकल जाए, बहुत है."

यंदाची दिवाळी

वही भरत आली तेव्हा सौ. एकदा ती उघडून बसल्या होत्या. सगळी पाने वाचून म्हणाल्या, "ह्याच्यासाठी एवढं केलंत. स्वतःसाठी एक पान लिहिलंत का कधी?"

आपल्याकडे हे बोलायची पद्धत नाही. जवान थकतो, आजारी पडतो, घाबरतो म्हटले की लाज वाटते. इतकी वर्षे मीही स्वतःला झटकेच देत होतो. चुप, काही झालेले नाही, पुढे चल. आणि महिनाभर गुरगुरणे थांबले की वाटायचे, जमले. खंड्याच्या बाबतीत त्याचा शेवट कसा झाला ते वर लिहिलेच आहे.

दसऱ्याच्या आधी मी लष्करी रुग्णालयात मनाच्या डॉक्टरांकडे गेलो. बाहेरच्या बाकावर ओळखीचा कुणी दिसू नये म्हणून सिव्हिल कपड्यांत गेलो होतो, हेही कबूल करतो. डॉक्टर वयाने माझ्यापेक्षा बरेच लहान. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "सगळ्यात कमी त्रास देणाऱ्या आवाजापासून सुरुवात करू. यादी करा." मला हसू आले. ते का, हे त्यांना कळेना. मग मी त्यांना खंड्याची गोष्ट सांगितली.

यादी केली आहे. सगळ्यात वर काय आहे ते माझ्यापाशीच राहू द्या. खाली दाराची कडी आहे, मग स्कूटरचा धूर सोडताना होणारा आवाज, मग लवंगी फटाका. दिवाळीत मी आणि खंड्या आतल्या खोलीत होतो. खिडक्या बंद, पंखा मोठा, सौ.नी रेडिओ लावलेला. लांबून पहिला आवाज आला. त्याने माझ्याकडे बघितले. मी त्याला कलेजीचा तुकडा दिला. मुलीने दारातून आत येऊन माझ्या हातावर एक करंजी ठेवली. मी ती खाल्ली. पुढचा आवाज जवळचा होता आणि आम्ही दोघेही दचकलो, पण करंजी अर्धी राहिली नाही.

माजी सैनिक मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाच्या घरी असे कुत्रे असेल तर वरचे सात मुद्दे वापरा. आणि कुत्रे नसेल, पण आवाज असतील, तर जवळच्या लष्करी रुग्णालयात जा. साठ पावलांपासून सुरुवात करा. कमी पडले तर आणखी मागे जा.

पुढचा लेख आरव्हीसीच्या खेचरांवर, नक्की. जय हिंद!